रिकाम्या यादीची बेरीज

माजरीले खाणीच्या कॉलनीत एक क्वार्टर होतं, त्याच्या मांगं टिनाची खोली, अन् त्या खोलीत मी पहिल्यांदा कॉम्प्युटरले हात लावला. आता तिथी कोणाच्या तरी मोटरसायकली उभ्या राह्यते. परवा बाजारातून येताना दार उघडं दिसलं तं मी आत डोकावून पाह्यलं, भिंतीवरची निळी पट्टी तशीच, खिडकीची मोडकी कडी तशीच, अन् मी थैली हातात घेऊन तिथीच उभी राह्यली, येणारे जाणारे पाहून राह्यले तरी हालली नाई. त्या दिवसांत मले लय भेव लागे, सगळ्याचंच भेव, बटण दाबाचं भेव, बोलाचं भेव, घरी लेकरू रडत असन त्याचं भेव. अन् आता कोणी इचारलं का तुह्या जिंदगीतले चांगले दिवस कोणते, तं मी तेच सांगीन.

खोलीत दुपारी भोंगा वाजल्याचं ऐकू ये. भोंगा वाजला का थोड्या वेळानं उघड्या खाणीत सुरुंग उडत, जमीन हाले, टिना खडखड करत. आमी सगळ्या बाया आपापल्या समोरचा स्क्रीन दोन्ही हातांनं धरून बसत होतो, पडणाऱ्या पोराले धरते तसा. शिकवणाऱ्या मॅडम म्हणत, "अगं तो नाही पडत." तरी आमी धरत होतो. मंग एक दिवस जोराचा सुरुंग झाला अन् मॅडमनंही धरला. तवा लय हासलो आमी.

मॅडम नागपूरच्या. नवरा खाणीत साहेब. लग्नाच्या पहिले त्या हैद्राबादले मोठ्या कंपनीत प्रोग्राम लिहाचं काम करत, इथी आल्यावर घरूनच करत. त्यांच्या ऑफिसातले जुने, टाकून देलेले कॉम्प्युटर त्यांनी मागून आणले, त्या खोलीत मांडले, अन् कॉलनीत, आजूबाजूच्या गावात सांगतलं का ज्या बाईले शिकाचं आहे तिनं यावं, पैसा नाई घेणार, शाळा किती झाली ते नाई इचारणार.

ते शेवटचं ऐकलं म्हणून मी गेली. माह्यी शाळा नववीतच सुटली. माह्यं माहेर मुलचेऱ्याकडचं, जंगलाच्या कडेले गाव, शाळा नदीच्या पलीकडं, पूर आला का जाणं बंद. एका वर्षी पूर उतरला तरी मी गेली नाई, अन् कोणी जा म्हणलंही नाई. मंग काही वर्षांनं लग्न झालं अन् इकडं कोळशात येऊन पडली. नवरा ठेकेदाराकडं कामाले, शिफ्टवर, घरी कवा येईन कवा नाई. घरी मी, सासू, अन् पाळण्यातलं लेकरू.

सासूले इचाराची हिंमत होत नव्हती. ती सूप घेऊन बसली होती तवा बाजूले जाऊन बसली अन् एका दमात बोलून टाकलं.

"काय शिकवते ते?" सासू म्हणे.

"कॉम्प्युटरची भाषा, आई."

"कॉम्प्युटर बोलते का?"

"आपण लिहिलं का उत्तर देते."

"उत्तर द्याले मी आहो ना घरात. माह्यासाठी तं लिहा बी लागत नाई."

तिनं सूप पाखडून झाल्यावर म्हणलं, "किती दिवसाचं हाये?"

मी खरं ते सांगतलं. नाव सांगाले गेली तवाच मॅडमनं ठरवून देलं होतं का मशीन कमी अन् बाया जास्त, म्हणून महिनाभर एका मशीनवर दोघी बसा. महिन्यानं ज्या बाईले एक प्रोग्राम एकटीनं, कोणाले न इचारता लिहिता येईन, तिले तिची खुर्ची. त्या मंग सहा महिने शिकतीन, पुढं घरबसल्या काम भेटन. बाकीच्यांनी दुसऱ्या बॅचची वाट पाहाची, ती कवा होईन कोणाले ठाऊक.

"महिनाभर लेकरू पाहीन," सासू म्हणे. "खुर्ची भेटली तं पाहू. नाई भेटली तं सोयाबीन सोंगाले यायचं, तोंड पाडून नाई बसाचं."

तं माह्या डोक्यात तवापासून ती खुर्ची. प्लास्टिकची होती, एका पायाखाली पुठ्ठा घातलेली.

रोज सकाळी लेकराले पाजून मी निंघत होती. मधात रेल्वेची सायडिंग, कोळशाच्या वाघिणी उभ्या. लोकं खालून वाकून जात, मले तेवढी छाती नव्हती, मी शेवटल्या डब्यालोक धावत जाऊन वळसा घालत होती. मधल्या सुट्टीत पुन्हा तसंच धावत घरी, लेकराले पाजाचं, पुन्हा धावत वापस. खोलीत पोचली का तोंडातून शब्द निंघत नव्हता. मॅडम पाण्याचा गिलास समोर ठेवत, इचारत काही नव्हत्या. पाठीवरून घाम, पायाले कोळशाची काळी भुकटी, अन् मी बसून कीबोर्डवर बोटानं अक्षर शोधून राह्यली. इंग्रजी अक्षरं मले ओळखू येत होते, पण ते इथी ओळीनं नव्हते ना, सगळे इकडं तिकडं.

माह्या संगं एक ड्रायव्हरची बायको बसे. तिनं तालुक्याले कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून तिले मी मनातल्या मनात कोर्सवाली म्हणत होती. ती माह्याकडं पाहून म्हणे, "बाई, तुह्यी बोटं कोंबडी दाणे टिपते तशी चालून राह्यली. संध्याकाळलोक पोट भरन का?"

मॅडमनं जी भाषा शिकवली तिचं नाव हास्केल. कोर्सवालीनं पहिल्याच दिवशी इचारलं, "मॅडम, आमच्या कोर्समंधी हे नाव नव्हतं. सोपी भाषा नाई का एखादी?" मॅडम म्हणे, "ज्यांना आधीची एखादी भाषा येते त्यांना ही अवघड जाते. तुम्हाला काहीच येत नाही, तुमचं बरं आहे." काही येत नाई हे बरं हाये, असं मले त्याच्या पहिले कोणी म्हणलं नव्हतं.

पहिल्यांदा आमी दोन अधिक तीन लिहिलं, खालच्या ओळीत पाच आलं. तेवढ्यानं मले इतकं बरं वाटलं का मी तेच पुन्हा लिहिलं, पुन्हा पाच आलं. मंग नावं द्याचं शिकवलं. कोर्सवालीनं आपलं वय लिहिलं, मंग बरोबरचं चिन्ह, पुढं एक आकडा. मंग म्हणे थांब तुले गंमत दाखवते, अन् लिहिलं का वय बरोबर वय अधिक एक. मंग मशीनले वय इचारलं. मशीन काही बोलेच ना. लुकलुकणारी दांडी तशीच राह्यली, उत्तर नाई, लाल अक्षरं नाई, काहीच नाई. मले वाटलं बिघडवलं आपण, अन् मॅडम आपल्याले उद्या येऊ नोका म्हणतीन.

मॅडम आल्या, दोन बटणं दाबून त्याले थांबवलं, अन् म्हणे, "बिचारं स्वतःलाच विचारत बसलंय. माझं वय म्हणजे माझं वय अधिक एक, मग ते वय कोणतं, तर त्यात अजून एक. कुठं संपणार? या भाषेत एकदा नाव ठेवलं की ठेवलं. बारशाला ठेवता तसं. वाढलेलं वय हवं असेल तर त्याला दुसरं नाव द्या. जुनं तसंच राहतं, नवं त्याच्या शेजारी होतं."

कोर्सवाली म्हणे, "मंग इथी काही मिटत नाई का मॅडम?"

"नाही. आपण काही मिटवत नाही. नवं बनवतो."

बाकीच्या बायाइले ते काय वाटलं मले नाई माहीत. मले मोठा हुरूप आला. माह्या सगळ्या भेवाचं मूळ तेच होतं ना, का माह्या हातानं असलेलं बिघडन. सासूचं लुगडं धुताना फाटन, लेकराले अंघोळ घालताना हातातून सुटन, कॉम्प्युटर जळन. अन् इथी कोणी सांगून राह्यलं का तू काही कर, पहिलेचं आहे तिथीच राहीन. त्या दिवसापासून मी बटणं दाबाले लागली. चुकत होती तरी दाबत होती.

याद्या शिकलो मंग. चौकोनी कंसात आकडे, मधात स्वल्पविराम. एका यादीवरून दुसरी यादी कशी बनवाची, यादीतल्या प्रत्येकाले तेच ते काम कसं लावाचं, त्याच्यातले बारीक आकडे गाळून मोठे कसे ठेवाचे. हे गाळणं मले आवडे. एका बाजूनं टाका, दुसऱ्या बाजूनं पाहिजे तेवढं घ्या. कोर्सवालीचे अन् माह्ये दोघींचे बरोबर येत. ती आता कोंबडी म्हणत नव्हती, म्हणे, "सरक जराशी, माह्यी पाळी." दुपारच्याले ती मले आपल्या डब्यातली तेलाची मिरची दे, तिखट खाऊ नोको लेकराले बाधन म्हणे, अन् तरी दे.

महिना संपत आला तसं मॅडमनं शेवटचं शिकवलं. एखादं काम स्वताच स्वताले कसं बोलावते ते. बेरीज कराची आहे ना, तं यादीतला पहिला आकडा हातात घ्याचा, अन् राह्यलेल्या यादीची बेरीज कर म्हणून त्याच कामाले पुन्हा सांगाचं. ते पुन्हा एक घेईन, पुन्हा सांगन. "कुठं थांबायचं ते मात्र तुम्ही सांगायचं," मॅडम म्हणे. "ते नाही सांगितलं तर अडतं." तयार बेरीज त्या भाषेत हाये, पण आपली आपण लिहा म्हणल्या. अन् म्हणल्या, "परवा खुर्च्या ठरवणार आहे. असंच काहीतरी देईन."

मी लिहिलं. दोन, तीन, चार अशी यादी देली. उत्तर आलं पाच.

कोर्सवालीनं वाकून पाह्यलं. "चार कुठी गेले वं? मशीननं खाल्ले का?"

दुसरी यादी देली. त्याच्यातलाही शेवटचा आकडा गायब. तिसरी, तसंच. तिचं बरोबर येऊन राह्यलं, बाकी बायाइचं बरोबर येऊन राह्यलं, मले रडाले आलं. मॅडम माह्या मांगं येऊन उभ्या राह्यल्या, माह्या ओळी वाचल्या.

"हे एकच उरलं की थांब, शून्य सांग, असं का लिहिलंस?"

"शेवटचं ठेवलं मॅडम."

"कुठं ठेवलं?"

"तळाले."

सगळ्या हासल्या. मले वाटलं टिना अंगावर पडाव्या. मॅडम हासल्या नाई. त्यांनी माह्या मशीनवर नुसते दोन कंस लिहिले, मधात काहीच नाई, अन् माह्या बेरजेले देले. तं मशीननं इंग्रजीत लांबलचक ओळ फेकली. मॅडम म्हणे, "बघ, रिकामी यादी आली तर काय करायचं हे तू सांगितलंच नाहीस. थांबायचं ते रिकामं झाल्यावर. एकावर नाही. लिही, दोन कंस, मधे काही नाही, बरोबर शून्य."

समजलं मले. ते समजत नव्हतं असं नाई. पण हात उचले ना.

आमच्याकडं, झाडीपट्टीत, धान ढोलीत ठेवते. बांबूच्या कमच्या विणून केलेली माणसाएवढी उंच टोपली समजा, आतून बाहेरून शेणानं लिपलेली. माह्यी माय रोज त्याच्यातून तांदळापुरतं धान काढे, पण तळ दिसू द्यायची नाई. कितीही कमी असो, मूठभर तळाले राह्यलंच पाहिजे. पोटात भूक असो का घरात पाहुणा असो, ढोली खरवडाची नाई. आमी पोट्टे आत डोकावलो तं हातावर फटका बसे. सासूही तिकडचीच, सिंदेवाहीच्या बाजूची, तिचंही तसंच. मी लहानपणापासून कुठलंही भांडं झाडून पुसून रिकामं केलं नाई, तेलाच्या बुधलीत बी थेंब ठेवते. तं ते दोन कंस पाह्यले का मले ते लिहिवेना. घरात लेकरू आहे, सोंगणी तोंडावर आहे, अन् मी स्वताच्या हातानं रिकामं लिहून राह्यली, असं मनात ये.

मॅडमले हे सांगता आलं नाई. त्या एवढंच म्हणल्या, "तुला बाकी सगळं येतं गं. एवढ्यावर अडू नकोस."

त्या दिवशी मी सायडिंगवरून धावली नाई, चालत गेली. परवा खुर्ची जाईन, मंग वावरात जाईन, मंग कोण कवा बोलावते. डोळे पुसत अंगणात आली तं पाहते काय, ढोली आडवी पाडलेली, अन् सासूचं अर्धं अंग तिच्या आत. फक्त दोन पाय बाहेर. आतून खराट्याचा आवाज, अन् धूळ निंघून राह्यली.

"आई," मी म्हणली, "हे काय करून राह्यल्या? रिकामी केली?"

आतून आवाज आला, "मंग का भरलेल्या ढोलीले लिपू?"

"पण तळ..."

सासू बाहेर निंघाली, केसात भुसा. "तळची मूठ त्या सुपात हाये, पाय नोको लावू. नवं धान येईन आता महिन्या दीड महिन्यात. जुन्या कोंदटावरच टाकाचं का? सोंडे किडे नाई का लागणार? सालातून एकडाव मोकळी कराच लागते, लिपाची, उन्हात वाळवाची. मंग पहिले ती मूठ आत, अन् तिच्यावर नवं."

"मायनं कधी अशी मोकळी केल्याची पाह्यली नाई मी."

"तू शाळेत गेल्यावर लिपली असन तिनं. पोट्टे घरात असले का शेणात पाय घालते." मंग माह्या तोंडाकडं पाह्यलं. "रडून आली का? कोणी काही म्हणलं?"

"नाई. तिखट लागलं."

"कोणाचं खाल्लं? लेकराले बाधन ना."

मी पदर खोचला अन् तिच्या संगं लिपाले बसली. आतला तळ ती मले लिप म्हणे, माह्ये हात लांब. मी आत वाकली. तिथी शेणाचा जुना वास, अंधार, अन् काहीच नाई. हातानं गोल गोल लिपत गेली. लेकरू बाहेर चटईवर पालथं पडून सुपाकडं सरकून राह्यलं होतं अन् सासू त्याले म्हणे, "तिकडं नाई रे राजा, ते देवाचं हाये." इतके साल झाले, शेणाचा ओला वास आला का मले ती दुपारच आठवते, अन् ते आतलं गार गार अंग.

ठरवाच्या दिवशी मॅडमनं सगळ्या बायाइले दूर दूर बसवलं अन् एकेकीले बोलावलं. माह्यी पाळी आली तवा जवळून जाताना कोर्सवालीनं मांगून चिमटा घेतला, जा म्हणे, खाणार नाई तुले. मॅडमनं काम देलं का दोन याद्या एकीमांगं एक जोडाच्या, तयार जोडणी वापराची नाई, आपली आपण लिहाची.

डोक्यात सरळ होतं. पहिल्या यादीतला पहिला आकडा समोर ठेवाचा, राह्यलेली पहिली अन् दुसरी जोडाले त्याच कामाले पुन्हा सांगाचं. अन् थांबाचं कुठी? पहिली रिकामी झाली का दुसरी जशी आहे तशी घ्याची. मी दोन कंस लिहिले. मधात काही नाई. लिहिताना मनात ती लिपलेली ढोली होती, उन्हात तोंड वर करून ठेवलेली.

"दाब," मॅडम म्हणे.

मी एन्टर दाबला. दोन भरल्या याद्या बरोबर जुडल्या, शेवटचा आकडा जागेवर. मॅडमनं पहिली यादी रिकामी देली, दुसरी तशीच्या तशी आली. मंग त्यांनी दोन्ही रिकाम्या देल्या. मी दोन्ही हातांनं स्क्रीन धरला. तिकडून फक्त दोन कंस आले, एवढेसे, मधात काही नाई.

"बरोबर आहे का?" मॅडमनं मले इचारलं.

"बरोबर हाये."

"मग घाबरतेस कशाला? सोमवारपासून ही खुर्ची तुझी. वेळेवर ये, आणि धावत येऊ नकोस."

मी तरी धावतच घरी गेली. कोर्सवालीचंही झालं होतं, ते मले दुसऱ्या दिवशी समजलं. पुढं आमी दोघी शेजारी शेजारी बसलो, सहा महिन्याचे आठ झाले, मंग मॅडमच्या साहेबाची बदली झाली अन् ती खोली बंद झाली. तेवढ्यात मले लिहाचं काम भेटाले लागलं होतं, आजही तेच करते, घरी बसून, त्याच भाषेत. मॅडमचा कधीमधी फोन येते. पण एवढं सगळं मांगून झालं. त्या दिवशी तं मले फक्त सासूले सांगाचं होतं, अन् सांगाचं कसं ते समजत नव्हतं, कारण तिनं महिन्याचाच शब्द देला होता.

सासू ओट्यावर बसून लेकराले भात भरवून राह्यली होती. माह्याकडं न पाहताच म्हणे, "भेटली का खुर्ची?"

"भेटली आई."

"किती दिवसाची?"

"सहा महिने."

तिनं लेकराच्या तोंडात घास देला, हनुवटीवरचा भात बोटानं पुसला. मी उभीच. बाहेर कोळशाची गाडी सायडिंगवर आदळत मांगं सरकत होती, सासूनं पुढचा घास कालवला.

"सहा महिन्यात हे चालाले लागन," सासू म्हणे. "माह्या गुडघ्यानं याच्या मांगं धावणं होत नाई, आताच सांगून ठेवते. दाराले आडवी फळी लावून जात जाय रोज."

मी मांगच्या छपरीत फळी पाहाले गेली.